घटात पेरलेलं शेवटचं बी

मुलांनो,

मागच्या महिन्यात फोनवर धाकटीने मला विचारलं होतं, "आजी, शाळेत सांगितलं की उत्तरेकडे बर्फाच्या डोंगराच्या पोटात जगभरातलं बी ठेवलंय. पुढे कधी सगळं संपलं तर लागेल म्हणून. तिथे आपल्या गावचं बी आहे का?" मी "बघून सांगते" म्हणाले आणि तुमच्या परीक्षेचा विषय काढला. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. आता लिहून सांगते. उशीर केला तर चालणार नाही, कारण आपल्या गावात ज्या तुकड्यात ते बी शेवटचं उगवलं तिथे मोजणीवाले येऊन चुना टाकून गेले आहेत. दिवाळीनंतर प्लॉट पडतील. मला आज सगळं क्रमाने आठवतं आहे, पुढच्या वर्षी आठवेलच असं नाही.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मी आयुष्यभर दौंडच्या शाळेत इंग्रजीच शिकवलं. पण या हकिकतीतल्या माणसांचं बोलणं मला इंग्रजीत ऐकू येत नाही. तुमची आई वाचून दाखवील.

तुमच्या आजोबांची नोकरी रेल्वेत, म्हणून आम्ही दौंडला राहिलो. त्यांचे थोरले भाऊ गावी शेती करत. गाव भीमेच्या पलीकडे, शिरूरच्या बाजूला. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांची बायको म्हणजे माझी थोरली जाऊ. तिला मी आक्का म्हणायचे, तुम्ही मोठी आजी म्हणायचात. तुम्ही लहान असताना तिने तुम्हाला शेणाने सारवलेल्या अंगणात बसवून ज्वारीच्या लाह्या खायला घातल्या होत्या. ती ज्वारी कोणती, हे तुम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

तिला आमच्याकडे काळबोंडी म्हणत. ज्वारीच्या प्रत्येक दाण्याभोवती एक टरफल असतं, त्याला बोंड म्हणतात. हिचं बोंड काळं आणि लांब, दाण्याला जवळजवळ झाकून टाकणारं. त्यामुळे पाखरांना दाणा नीट टिपता येत नसे. ताट उंच, कणीस खाली वाकलेलं. उतारा कमी, पण माळावरच्या हलक्या जमिनीत, थंडीतल्या नुसत्या दहिवरावर ती पोसायची. भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहायची. कडबा गोड, जनावरं दुसऱ्या कडब्याला तोंड लावायची नाहीत.

मी लग्न होऊन आले तेव्हा ती गावात बहुतेक घरांत होती. एखाद्याचं बी कीड लागून गेलं तर तो पेरणीच्या आधी शेजारी जाऊन मागायचा आणि सुगीनंतर थोडं चढतं परत करायचा. पेरणीच्या तोंडावर बी मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, अशी रीत होती. मला पुढे कळलं की बी राखायची खरी व्यवस्था हीच होती. ते कुण्या एका घरात नव्हतं, चार आळ्यांतल्या गाडग्यांत विखुरलेलं होतं. एक गाडगं फुटलं तरी गावाचं बी जात नसे.

मग कालव्याचं पाणी आलं, ऊस आला. यात वाईट काही झालं असं मी म्हणणार नाही. उसाने घरांवर स्लॅब पडले, मुलं शिकली. ज्वारी लागली तर पिशवीतलं बी मिळे, त्याला उतारा जास्त. एकेका घरातलं काळबोंडीचं गाडगं रिकामं झालं आणि त्यात मिरच्या, बिब्बे, सुतळी असलं काहीबाही जाऊन बसलं. कुणी ठरवून टाकून दिलं नाही. प्रत्येकाला वाटत होतं, शेजाऱ्याकडे असेल.

शेवटी ती फक्त आक्काकडे उरली. विहिरीमागच्या लिंबाजवळ एक चिंचोळी पट्टी होती, तिथे ती दरवर्षी पेरायची. चुलत्या-पुतण्यांनी चेष्टा केली की म्हणायची, "तुमच्या उसाला मी हात लावते का? मग माझ्या पट्टीला बोलू नका." बी राखेत मिसळून, वर लिंबाचा पाला घालून, तोंड शेणाने लिंपून उतरंडीत ठेवायची. उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी. काळबोंडी सगळ्यात खालच्या गाडग्यात.

त्यानंतर दोन वर्षं वाईट गेली. एका वर्षी कणसं पिकून काढायला आली आणि अवकाळी पाऊस लागला. उभी कणसं बुरशीने गेली, दाणा मेलेला निघाला. पुढच्या वर्षी त्या पट्टीतून उसासाठी पाइपलाइन गेली आणि पेरणीच झाली नाही. राहिलं ते आधीच्या सुगीचं जुनं बी, दोन ओंजळी. आक्काने ठरवलं होतं की या वर्षी काही झालं तरी पेरायचं, कारण बी आणखी जुनं झालं तर उगवणार नाही. पट्टी नांगरून ठेवली होती. घटस्थापनेला चार दिवस राहिले असताना ती मोरीत घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं.

तिला दौंडला आणलं. दवाखाना माझ्या घरापासून जवळ, म्हणून दिवसा मी बसत असे.

आता घटाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नवरात्राच्या पहिल्या दिवशी परडीत शेतातली माती पसरतात, मधे पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात आणि मातीत धान्य पेरतात. घट पाझरतो, मातीला ओल मिळते, धान्य उगवतं. दसऱ्यापर्यंत वीतभर वाढतं. पिवळंधमक, कारण देवघर अंधारं असतं. दसऱ्याला ते उपटून देवाला वाहतात, पुरुष टोपीत खोवतात. नऊ दिवस घट हलवायचा नाही.

मी शाळेत शिकवत होते तेव्हा मुलांना सांगायचे की ही बियाण्याची परीक्षाच आहे. आमच्याकडे रब्बी ज्वारीची पेरणी याच दिवसांत येते. घरातल्या बियातलं मूठभर घटात टाकलं की कळतं, बी जिवंत आहे की नाही. दाट उगवलं तर पेरा, विरळ उगवलं तर शेजारी जाऊन मागून आणा. पण ही रीत भरलेल्या कणग्यांच्या दिवसांतली होती. मूठभर देवीला, बाकीचं शेताला. बाकीचं नसेल तर काय करायचं, हे त्या रीतीत कुठे सांगितलेलं नव्हतं.

आक्काची सून गुणाची आहे. वरवंडच्या बाजूची. नवरा एमआयडीसीत शिफ्टला जातो, घरचं आणि गोठ्याचं तीच बघते. त्या वर्षी पहिल्यांदा घट बसवायचं तिच्या एकटीवर आलं. दुपारी तिचा मला फोन आला.

"काकी, बसवले बरं का घट. फोटो टाकलाय. आत्यांना दाखवा."

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. मी आक्काला उशाशी टेकवून बसवलं आणि फोन तिच्यासमोर धरला. मोठी परडी, मधे घट, तरवडाच्या फुलांची माळ, समई. छान दिसत होतं. आक्काने फोटो बोटाने मोठा करायला सांगितला. मग म्हणाली, "एवढी थोरली परडी? आमची बारकी हाय ती."

मी फोन स्पीकरवर लावला.

"आत्या, ती बारकी मोडली व्हती, खालून उंदरानं कुरतडलेली. नवी आणली."

"बरं केलंस. धान कुठलं घातलंस?"

"घरचंच. बाजारात घटाच्या धानाच्या पुड्या मिळत्यात, सगळ्या बायांनी त्याच आणल्या. मी म्हणलं, आमच्या आत्यांना चालायचं न्हाई. तुम्ही म्हणताच की, देवीला विकतचं घालायचं न्हाई. उतरंडीतलं काढलं."

"किती काढलं?"

"व्हतंच कितीसं, आत्या. दोन वंजळी. परडी मोठी, म्हणलं देवीला कमी कशाला करायचं. सगळं घातलं."

तिकडून सून "हॅलो, हॅलो" करत होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईने कूस बदलून आमच्याकडे पाहिलं. शेवटी आक्का म्हणाली, "चांगलं केलंस बाळा. दिवा सांभाळ. फुंकर लागू दिऊ नको." आणि मला फोन बंद करायची खूण केली.

मी म्हणाले, "अहो आक्का, तिला सांगायला हवं होतं ना."

"काय सांगू? सासूनं शिकवलं तसंच केलं तिनं. दुसरी असती तर पुडी आणली असती आन् माझं बी वाचलं असतं." तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. "चांगली सून मिळाली, त्याचं हे फळ."

दोन दिवसांनी ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं विचारलं ते घटाबद्दल. मी सुनेला फोन लावून तिच्यापुढे धरला. उगवलं होतं. सून आनंदाने सांगत होती की असा दाट घट गावात कुणाचा नाही, बाया बघायला येतात.

"म्हंजी बी जित्तं व्हतं," आक्का म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी त्या दिवशी पाहिलं. पडल्यावर ते आलं नव्हतं.

मग तिने सुनेला सगळं सांगितलं. ओरडली नाही. पलीकडून नंतर हुंदका ऐकू आला. "रडून माझं बी येणार हाय का?" आक्का म्हणाली. "ऐक. दसऱ्याला घट उठला की ते उपटून टाकू नको. लिंबाजवळच्या पट्टीत लाव. भाताची रोपं लावत्यात तसं."

"आत्ताच काढून लावू का, आत्या?"

"येडी हायस का? घट हलवायचा नस्तोय. देवघराची खिडकी उघडी ठिव, तेवढा उजेड लागू दे."

ते दिवस विचित्र गेले. खिडकी उघडूनही अंधाऱ्याच राहिलेल्या देवघरात रोपं दिवसागणिक उंच आणि फिकट होत होती आणि त्यांना हात लावता येत नव्हता. ती जितकी वाढत होती तितकी शेतात जगण्याची शक्यता कमी होत होती. सून रोज फोटो पाठवायची. आक्का रोज म्हणायची, "मान टाकायला लागलंय." मी आक्काला एकदा म्हणाले की देवीला एवढं कळेल, दोन दिवस आधी काढलं तर ती रागावणार नाही. आक्का म्हणाली, "तुझी देवी इंग्रजी शिकलेली असंल. आमची न्हाई."

दसऱ्याला शेजारणीला आक्काजवळ बसवून मी गावी गेले. घट उठायची वेळ झाली आणि आप्पा देवघराच्या दारात उभे राहिले. त्यांनी धुवट टोपी घातली होती, धान खोवायला.

"लावायचं न्हाई," ते म्हणाले. "देवीला दिलेलं परत मागायचं नसतं. घरात आधीच एक माणूस खाटेवर हाय."

मी बोलायला गेले तर त्यांनी हात वर केला. "तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला पटणार न्हाई, पर बोलू नका."

मग सून बोलली. सासऱ्यासमोर ती एरवी पदर सावरून मान खाली घालून बोलायची. त्या दिवशीही मान खालीच होती.

"आप्पा, टोपीतलं धान संध्याकाळी कुठं जातं?"

"कुठं जातं म्हंजी?"

"दरसाल बघती मी. सोनं वाटून घरी येता, टोपी खुंटीला लावता, धान खाली पडतं. सकाळी मी झाडून उकिरड्यावर टाकती, तिथं शेरडं खात्यात. शेरडाला चालतं आन् मातीला चालत न्हाई?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच तिला शिकवून आणलं होतं. बाहेर ओट्यावर कुणीतरी हसलं. आप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"लावा," ते म्हणाले. "पर त्याचा दाणा या घरात कुणी खायचा न्हाई. देवीचं ते देवीचं."

त्यांना ठाऊक नव्हतं, पण आक्कालाही तेच हवं होतं.

परडीच्या तळाशी मुळांची पांढरी जाळी झाली होती. सुनेने ती अख्खी पाण्याच्या घमेल्यात बुडवून ठेवली आणि एकेक रोप सोडवलं. कितीतरी तिथेच तुटली. ऑक्टोबरचं ऊन होतं. ओळीने लावली, वरून उसाच्या पाचटाची सावली केली. दोनच दिवसांत निम्म्याहून जास्त करपली. नंतर काही शेजारच्या मोकाट गाईने खाल्ली. सून सकाळ-संध्याकाळ कळशीने पाणी घालायची आणि कोलमडलेल्या रोपांना काडीचा आधार द्यायची.

आक्काला मी माझ्या घरी आणलं. ती परत चालली नाही. पडून पडून छातीत कफ भरला. सून व्हिडिओ कॉलवर पट्टी दाखवायची, हिरवी झालेली रोपं, मग गुडघ्याएवढी, मग कमरेएवढी. आक्काचा प्रश्न ठरलेला होता: "निसवली का?" म्हणजे कणीस बाहेर पडलं का. कणीस बाहेर पडल्याशिवाय बोंड दिसत नाही, आणि बोंड काळं दिसल्याशिवाय ही आपलीच ज्वारी असं म्हणता येत नाही. शेजारी संकरित ज्वारी असेल तर वाऱ्याने परागकण येतात, बी मिसळतं. ही शंका तिला बुरशीच्या वर्षाआधीपासून होती.

ज्वारी पोटरीत आली, म्हणजे कणीस पात्यांच्या आत फुगलेलं पण झाकलेलं, तेव्हा आक्का गेली. भर दुपारी, पाणी मागून घेतलं आणि घोट गिळलाच नाही. तिने शेवटी काही सांगितलं नाही. तुम्हाला तेव्हा फोनवर "मोठी आजी शांतपणे गेली" असं कळवलं होतं. शांतपणे नव्हे. ज्यासाठी ती जीव धरून होती ते तिला बघायला मिळालं नाही.

दिवस-कार्य आटोपल्यावर कणसं बाहेर पडली. मी मुद्दाम बघायला गेले. काही काळ्या बोंडाची, वाकलेली. काही फिकट बोंडाची, सरळ उभी. मिसळ झालीच होती. सुनेने फिकट ताटं दाणा भरायच्या आत उपटून जनावरांना टाकली. मुळात ताटं इतकी थोडी होती की प्रत्येक ताट उपटण्याआधी ती बोंड दोनदा बघायची. काळ्या कणसांतला दाणा घोळून निघाला तो चहाच्या डब्यात मावला. घटात पेरलं होतं त्याहून कमी.

त्यातलं थोडं घेऊन मी एका शेतकी संस्थेत गेले. जुनं बी थंड खोलीत जपून ठेवतात, असं ऐकलं होतं. तिथला अधिकारी सभ्य होता. त्याने भिंग लावून दाणे पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, एवढ्याशा बियाचं काही करता येणार नाही. उगवणीच्या चाचणीला जेवढे दाणे लागतात त्यातच हे संपेल. शिवाय हे शुद्ध आहे की मिसळलेलं, तेही आधी ठरवावं लागेल. दोन-तीन सुग्या वाढवा, किलोत आणा, मग ठेवून घेऊ." मी विचारलं, या भागातली काळबोंडी आधी कुणी जमा केली आहे का? त्याने संगणकात पाहिलं. तशा नावाचे काही नमुने होते, दुसऱ्या जिल्ह्यांतले. काळं बोंड अनेक जातींना असतं, तो म्हणाला. आपली त्यात आहे का, हे सांगता येणार नाही. धाकटीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून माझ्याकडे एवढंच आहे.

वाढवायचं तर जमीन हवी. पुढच्या वर्षी सुनेने त्याच पट्टीत पुन्हा पेरलं. फुलोऱ्यात थंडीऐवजी ढगाळ हवा राहिली, चिकटा रोग पडला, अर्धी कणसं पोचट निघाली. आणि आता जमीनच विकली. आप्पांना मी दोष देत नाही. ते थकले आहेत, मुलाला शेती करायची नाही, हायवेजवळच्या जमिनीला मागणी आहे. सही करून आल्यावर ते मला म्हणाले, "ती असती तर पट्टी तेवढी ठेवली असती मी." मग म्हणाले, "न्हाई, नसती ठेवली. पट्टीला रस्ता कुठनं देणार?"

या वर्षी सुनेने घटात बाजारातली पुडी घातली. स्वतःच्या हाताने. आप्पांनी पाहिलं आणि घटाला माळ आणून दिली.

आज काय शिल्लक आहे, ते लिहून थांबते. काळ्या बोंडाचा दाणा दोन ठिकाणी आहे. थोडा माझ्या घरी, स्टीलच्या डब्यात, राखेत, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. त्यातले काही ओल्या फडक्यात घालून पाहिले, थोडे उगवले, बरेच उगवले नाहीत. बाकीचा सुनेने वरवंडला भावाच्या शेताच्या बांधालगत पेरला आहे. तिच्या भावाने एका सुगीपुरती जागा दिली आहे. रोपं वर आली आहेत. कणसं अजून बाहेर पडलेली नाहीत, त्यामुळे बोंड कोणत्या रंगाचं निघेल हे आज कुणालाच माहीत नाही.